मोजणीताईंचा गोल चष्मा

मित्रांनो, मी मोजणीताईंच्या नाकावर बसायला लागलो त्याला यंदा अकरा वर्षे झाली. चष्म्याच्या आयुष्यात अकरा वर्षे म्हणजे चांगलेच म्हातारपण. माझ्या काड्या कानामागे घासून पिवळट पडल्या आहेत. काचांवर दोन-तीन बारीक ओरखडे आहेत. एक स्क्रू तर माझा स्वतःचाही नाही, तो एका मनगटी घड्याळाचा आहे. तरी मी अजून कामावर आहे आणि रोज सकाळी मनातल्या मनात आभार मानतो. कोणाचे आणि का, तेच तुम्हाला सांगायला बसलो आहे.

माझ्या काचा एका लांबट, ओलसर खोलीत घासल्या गेल्या. तिथला कारागीर मोठा अबोल माणूस. दिवसभर फिरत्या चाकासमोर बसायचा, काचेची कड अंगठ्याने चाचपायचा आणि पटली नाही तर पुन्हा चाकावर धरायचा. उजव्या काचेवर तो शाईचा एक ठिपका द्यायचा, म्हणजे कोणती काच कुठल्या घरात बसवायची ते चुकू नये. माझी फ्रेम गोल आहे. गोल फ्रेमची दोन्ही घरे अगदी सारखी असतात. कोणतीही काच कुठेही बसते आणि जराही कुरकुर करत नाही. मला जोडून झाल्यावर कारागिराने तो ठिपका ओल्या फडक्याने पुसून टाकला. सगळेच तसे करतात. काचेवर डाग असलेला चष्मा कोण विकत घेईल?

मोजणीताई हे काही त्यांचे खरे नाव नाही. त्या रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतात. सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी ठेवून त्या रक्तातल्या पेशी मोजतात, आणि त्यांची मोजणी सहसा चुकत नाही, म्हणून तिथे सगळे त्यांना मोजणीताई म्हणतात. त्यांचे यजमान घड्याळे दुरुस्त करतात. त्यांना सगळी गल्ली घड्याळजी म्हणते. मला घ्यायला दोघे मिळून आले होते. दुकानातच ताईंनी मला डोळ्यांवर चढवले. घरी पाऊल टाकले मात्र, आणि त्या दारातच थबकल्या.

"अहो, आपलं घर एवढं धुळकट आहे? आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत!"

"मला वाटलं, तुला ठाऊक आहे," घड्याळजी म्हणाले.

मग दोघांनी दिवस मावळेपर्यंत कपाटांच्या डोक्यावरची जळमटे काढली. माझ्या कारकिर्दीची सुरुवात अशी झाडलोटीने झाली.

पुढची वर्षे सुखाची गेली. ताई वाचत, लिहीत, रस्ता ओलांडत, भाजी निवडत, ते सगळे माझ्यातून बघून. सूक्ष्मदर्शकावर बसताना मात्र त्या मला काढून शेजारी ठेवत. त्या यंत्राला स्वतःच्या काचा असतात, त्याचे माझ्याशिवाय भागते. खरे सांगतो, मला त्याचा थोडा हेवा वाटे. पण मोजणी संपली की आकडे नोंदवहीत उतरवायला मीच लागे, आणि मी ऐटीत पुन्हा नाकावर चढे. सुट्टीच्या दिवशी घड्याळजी मला साबणाच्या पाण्याने धूत, मऊ कापडाने पुसत आणि उजेडात धरून बघत. एवढे लाड किती चष्म्यांचे होतात?

मग एके दिवशी ताईंना एक जोरदार शिंक आली. मी नाकावरून उडालो, फरशीवर आपटलो, माझी उजवी काच निखळून लांब गेली आणि डावी आपल्या घरात खुळखुळू लागली. एक स्क्रू तर सापडलाच नाही.

"चष्म्याच्या दुकानात कशाला नेतेस? घरात मी आहे ना," घड्याळजी म्हणाले.

त्यांची कामाची एक पद्धत होती. टेबलावर पांढरे फडके अंथरायचे. एकेक भाग काढला त्याच क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडायचा, आणि बसवताना उलट क्रमाने उचलायचा. चाळीस वर्षांत या पद्धतीने त्यांना कधी दगा दिला नव्हता. डावी काचही काढून त्यांनी दोन्ही धुतल्या आणि फडक्यावर मांडल्या, उजवी उजव्या अंगाला, डावी डाव्या. पुढचे मला नीट सांगता येणार नाही. काचा नसल्या की चष्म्याला काही दिसत नाही. कपबशी टेकल्याचा आवाज आला, दोघे कशाला तरी हसले, आणि थोड्या वेळाने एका जुन्या घड्याळाचा स्क्रू माझ्या अंगात फिरू लागला.

"झाला नवा!" घड्याळजी म्हणाले. मला जरा अवघडल्यासारखे झाले. मी म्हटले, पाहुण्या स्क्रूमुळे असेल.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी ताईंची मळमळ सुरू झाली.

उलटी होऊन मोकळे व्हावे तर तीही होत नसे. नुसते पोटात ढवळत राही, होडीत बसल्यासारखे. सकाळी उठल्यावर ताई बऱ्या असत. तोंड धुऊन मला डोळ्यांवर चढवीत, वर्तमानपत्र उघडीत, आणि न्याहारीची बशी समोर येईपर्यंत तोंडाला पाणी सुटू लागे, ते भुकेचे नव्हे. दोन घास खाऊन त्या बशी सरकवीत. दोन महिन्यांत कपडे अंगावर लोंबू लागले. बसमध्ये त्या दाराजवळ उभ्या राहत, मध्येच उतरावे लागले तर बरे म्हणून. कोणाकडे जेवायला जाणे त्यांनी बंदच केले.

मग सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. ताईंच्या नणंदबाई प्रत्येक भेटीत नवा उपाय घेऊन येत. लिंबू हुंगा, डाव्या कुशीवर झोपा, पायमोजे घालून बसा. ताईंनी सगळे करून पाहिले. पायमोजे घालून, लिंबू हुंगत, डाव्या कुशीवर पडलेल्या ताई पाहून घड्याळजींना हसू आवरेना, आणि मग ताईही हसल्या. हसतानाही त्यांना मळमळत होते.

पहिल्या डॉक्टरांनी पित्त सांगितले आणि गोळ्या दिल्या. पोटाच्या डॉक्टरांनी घशातून दुर्बीण घालून आत पाहिले. त्या वेळी मी घड्याळजींच्या खिशात होतो. आत सगळे गुलाबी आणि छान, असे डॉक्टर म्हणाले. कानाच्या डॉक्टरांनी तोल तपासला. तोही छान. प्रयोगशाळेतल्या मैत्रिणींनी ताईंचे रक्त इतक्या वेळा तपासले की शेवटी ताईच म्हणाल्या, "आता थोडं मला राहू द्या गं."

डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही गेलो. त्यांनी मला काढून टेबलावर ठेवले, ताईंच्या डोळ्यांवर ती जड लोखंडी फ्रेम चढवली आणि तिच्यात एकेक काच घालून अक्षरे वाचून घेतली. त्या खुर्चीत ताईंना बरे वाटत होते. पण अक्षरे वाचा म्हटल्यावर पोटाची गोष्ट कोण काढेल?

"नंबर जुन्या कागदावर आहे तोच आहे," डॉक्टर म्हणाले. "चष्मा बदलायची काही गरज नाही."

केवढा अभिमान वाटला मला! टेबलावर पडल्या पडल्या मी चमकलो. त्यांनी डोळे तपासले, कागद तपासला. मला कोणी उचलून तपासले नाही, आणि आपल्याला तपासावे असे माझ्याही मनात आले नाही.

पुढे डोक्याचे स्कॅन झाले. धडधडणाऱ्या त्या नळीतून ताई बाहेर आल्या त्या चक्क हसत. "आत बरं वाटत होतं," त्या म्हणाल्या. तिथला तंत्रज्ञ घड्याळजींकडे बघून गालात हसला. अहवाल अर्थातच उत्तम आला.

मित्रांनो, आजारी माणसाला प्रत्येक चांगला अहवाल गोड लागतो असे तुम्हाला वाटत असेल. ताईंना तो लागत नसे. अहवाल जितका चांगला, तितका लोकांचा त्यांच्यावरचा विश्वास कमी होई. "इतके डॉक्टर म्हणतात काही नाही, म्हणजे काही नसेलच," असे आधी पाठीमागे आणि मग तोंडावर ऐकू येऊ लागले. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी तर एके दिवशी त्यांना समोर बसवले.

"तुम्ही मायक्रोस्कोपवर असता तेव्हा ठणठणीत असता," ते म्हणाले. "रजिस्टर उघडलं की मळमळ. मी बघतोय ना. कामात मन रमलं की बरं वाटतं, म्हणजे हे मनाचंच नाही का? थोडे दिवस घरी बसा. हवं तर कायमचं बसा, हक्काची रक्कम मिळेल."

ते वाईट मनाने बोलत नव्हते, आणि त्यांनी पाहिलेलेही खोटे नव्हते. म्हणूनच ताईंच्या ते जिव्हारी लागले. आपण नकळत ढोंग करतो आहोत की काय, असे त्यांना स्वतःलाच वाटू लागले. ज्या बाईने हजारो लोकांच्या रक्तातले दोष शोधून दिले, तिला आपल्याच पोटाची साक्ष खरी वाटेना. त्यांनी राजीनामा लिहिला. महिन्याच्या शेवटच्या दिवशी द्यायचा म्हणून तो पर्समध्ये, माझ्या डबीखाली घडी करून ठेवला.

या सगळ्यात एक माणूस मात्र हलला नाही. घड्याळजी प्रत्येक दवाखान्यात बरोबर आले. बाकावर ताटकळले, फाईल सांभाळली, मला खिशात सांभाळले. नणंदबाई एकदा म्हणाल्या, "दादा, वहिनीच्या मनाने घेतलंय हो सगळं." तेव्हा हा शांत माणूस एकदम तडकला.

"ती मळमळतंय म्हणते ना? मग मळमळतंय. विषय संपला."

शेवटचा उपाय म्हणून मनाच्या डॉक्टरांकडे जायचे ठरले. तिथे जायचे म्हणजे हार मानायची, असे ताईंना वाटत होते. खोलीत दोन साध्या खुर्च्या होत्या आणि पिकल्या केसांच्या एक डॉक्टरीणबाई. त्यांनी तासभर ऐकून घेतले. मग त्यांनी विचारले ते तोवर कोणीच विचारले नव्हते.

"वाईट कधी वाटतं ते सगळ्यांनी विचारलं असेल. बरं कधी वाटतं?"

ताईंनी फाईल चाळली, तिच्यात ते कुठेच नव्हते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन आठवडे फक्त तेवढंच मोजा. मोजण्यात तुमचा हात कोण धरणार?"

ताईंनी मोजले. राजीनाम्याचीच पाठची कोरी बाजू घेतली आणि तिच्यावर रोज उभ्या रेघा मारल्या, चार उभ्या आणि पाचवी आडवी. दोन आठवड्यांनी घड्याळजीही आत येऊन बसले. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचायला घेतला.

"सकाळी उठल्यावर थोडा वेळ. आंघोळ करताना. मायक्रोस्कोपवर. केस कापून घेताना..." त्या थांबल्या. "केस कापताना?"

"हो. तिथे तर डोळा लागला होता माझा," ताई म्हणाल्या. "खाली मी आधीचं आठवून लिहिलंय. स्कॅनच्या मशीनमध्ये. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे."

"मनाची डॉक्टर म्हणून एक सांगते, हे मनाचं वाटत नाही मला. स्कॅनच्या नळीत घाबरणारे खूप पाहिलेत, बरं वाटणारं कोणी पाहिलं नाही. पण या सगळ्यांत सारखं काय आहे, ते मला कळत नाहीये."

घड्याळजींचा हात सवयीने सदऱ्याच्या खिशाकडे गेला, आणि तिथेच थांबला.

"चष्मा," ते म्हणाले. "स्कॅनच्या वेळी तो माझ्या खिशात होता. दुर्बीण घातली तेव्हाही. केस कापतानाही तू माझ्याकडेच दिलास. हिला बरं वाटतं तेव्हा चष्मा डोळ्यांवर नसतो."

मित्रांनो, त्या क्षणी मला ताईंच्या नाकावर बसवेना. घड्याळजींनी मला हळूच काढून घेतले, खिडकीकडे धरले आणि समोरच्या इमारतीच्या कडा बघत मला फिरवले.

"काचा मी बसवल्या होत्या," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली."

तिथून आम्ही थेट चष्म्याच्या दुकानात गेलो. चष्मेवाल्या बाईंनी जुना कागद पाहिला, मला यंत्रावर पालथे ठेवले, एक काच बघितली, दुसरी बघितली. मग मला उचलून पुन्हा पहिल्यापासून सगळे केले.

"अदलाबदल झालीये. उजवी काच डावीकडे, डावी उजवीकडे. नंबर जवळपास सारखे, म्हणून तुम्हाला दिसत होतं. पण तिरका नंबर, म्हणजे सिलिंडर, दोन्हीकडे उलट्या दिशेचा आहे. डोळे बिचारे दिवसभर ओढाताण करून जुळवून घेत असणार. मळमळ यानेच होत होती का, ते डॉक्टर सांगतील. पण हा चष्मा मी घातला, तर तासाभरात आडवी होईन."

घड्याळजी ताईंकडे वळले. "दोन वर्षं! मी स्वतःच्या हाताने दर सुट्टीला पुसून पुसून तुझ्या डोळ्यांवर..."

ताईंनी त्यांना मध्येच अडवले. "अहो, थांबा. त्या दिवशी मी चहा घेऊन आले होते. टेबलावर कप ठेवायला जागा नव्हती. ते फडकं मीच धरून गर्रकन अर्धं फिरवलं, डावी बाजू उजवीकडे गेली. सगळे भाग तसेच राहिले, एकही हलला नाही, म्हणून तुम्ही हसलात. आठवतंय?"

"फडकं कोणी का फिरवेना, बघायचं मी होतं."

"चूक माझी आहे म्हणतेय ना!"

"अजिबात नाही, माझी!"

"तुमचं ठरलं की सांगा," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. "तोवर मी काचा नीट बसवते."

मला जमिनीत गाडून घ्यावेसे वाटत होते. ज्या यंत्राचा मी हेवा करत होतो, ते ताईंना सुख देत होते, आणि त्यांच्या नाकावर मिरवणारा मी त्यांचे घास हिरावत होतो. घड्याळजी म्हणाले, "हा टाकून दे. नवा घेऊ, चौकोनी." मी मनाची तयारी केली. पण ताईंनी मला हातात घेतले आणि म्हणाल्या, "याला कशाला टाकायचं? आपण बसवलं तसा तो बसला." एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाच्या नाकावर मला जागा मिळाली, याचे आभार मी कसे मानू?

लगेच सगळे छान झाले असे समजू नका. पहिला आठवडा आणखी वाईट गेला, कारण डोळ्यांना चुकीची सवय लागली होती. डॉक्टरीणबाईंनी फोनवर धीर दिला, पोटाच्या डॉक्टरांनाही सगळे कळवले. हळूहळू होडी काठाला लागली. तेविसाव्या दिवशी ताईंनी ताटातले सगळे संपवले आणि म्हणाल्या, "अजून आहे का हो?" घड्याळजी वाढायला म्हणून स्वयंपाकघरात गेले, ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. ताई बघायला गेल्या, तर ते हातात डाव धरून भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. राजीनामा कोणी मागितला नाही, कोणी दिलाही नाही. प्रमुखांनी ताईंची माफी मागितली, आणि ताईंनी ती मोकळ्या मनाने घेतली.

परवाचीच गोष्ट. प्रयोगशाळेच्या खिडकीशी एक बाई आपला अहवाल घेऊन उभी होती. सगळे आकडे जागच्या जागी होते. तिने कागद दोनदा वाचला आणि तिचा चेहरा पडला. ताई कधी काम सोडून बाहेर जात नाहीत, पण त्या दिवशी गेल्या. तिच्याजवळ बाकावर बसून म्हणाल्या, "यात काही सापडलं नाही, म्हणजे तुम्हाला काही होत नाही असं नाही हं." त्या बाईने आधी संशयाने पाहिले. मग ती बोलायला लागली, आणि पुढची वीस मिनिटे ताईंनी तिला एकदाही मध्ये तोडले नाही. तिचे दुखणे काय आहे ते अजून कोणाला माहीत नाही. सगळ्यांच्याच दुखण्याचे मूळ काही चष्म्यात नसते. पण जाताना तिने पुढच्या डॉक्टरांचा पत्ता मागून घेतला.

म्हणून मित्रांनो, या म्हाताऱ्या चष्म्याचे एवढे ऐका. ज्या वस्तूवर तुमचा जीव आहे, ती पुसता तशी अधूनमधून जाणत्या माणसाकडून तपासूनही घ्या. आणि माणसांचे म्हणाल, तर घड्याळजींनी माझ्या काचा चुकवल्या हे खरे, पण दोन वर्षांत त्यांनी ताईंच्या एका शब्दावरही शंका घेतली नाही. त्या बळावरच ताई इतके दवाखाने चढल्या. तुमच्या घरात कोणी असे न सापडणारे दुखणे घेऊन बसले असेल, तर त्याचे कारण तुम्हाला सापडेलच असे नाही. ते काम डॉक्टरांचे. तुम्ही फक्त त्यांचे म्हणणे खरे माना, आणि त्यांच्याबरोबर जा.